तोफ, नांगर आणि न लिहिलेला खंड

यशवंतराव चव्हाणांचे ‘कृष्णाकाठ’ आम्ही पुन्हा हाती घेतले ते एका वादामुळे. गेल्या उपवासकाळात आमच्या धर्मग्रामातील वाचक मंडळाने चर्चेसाठी विषय ठेवला होता: युद्धाची छाया पडलेली असताना राष्ट्राने आपली शस्त्रनिर्मिती वाढवावी काय? दोन बाजू नेहमीच्या मुद्द्यांनी भांडतील, चहा होईल आणि मंडळी आपापल्या घरी जातील, अशी आमची समजूत होती. तसे घडले नाही.

एका शिक्षिकेने संदेष्टा यशया याच्या दुसऱ्या अध्यायातील उतारा वाचला. तलवारी मोडून त्यांचे फाळ करण्याच्या दिवसाचे ते चित्र वाचकांस परिचित आहेच. वाचन संपताच मागच्या बाकावरचे एक काका उठून उभे राहिले. सरकारी शस्त्रास्त्र कारखान्यात १९६६ साली लागलेले आणि ३८ वर्षे नोकरी करून निवृत्त झालेले हे गृहस्थ मंडळात सहसा बोलत नाहीत. ते म्हणाले, “बाई, तुम्ही वाचलंत ते खरंच आहे. पण मी अडतीस वर्षं लेथवर तोफगोळ्यांची कवचं कातली. त्या पगारावर तीन बहिणींची लग्नं केली. मग इतकी वर्षं मी पापाची भाकर खाल्ली, असं म्हणायचं का?”

यावर कोणाला काही सुचले नाही. आम्हांलाही नाही. तेवढ्यात मंडळातील एका सभासदाने, जे मूळचे कराडकडचे आहेत, आठवण करून दिली की, काकांना ज्या भरतीत नोकरी मिळाली ती भरती ज्या विस्तारामुळे निघाली, त्या विस्ताराचा कर्ता कृष्णाकाठचाच होता. तेव्हा उत्तर त्यालाच विचारावे. विचारायला माणूस नाही, पण पुस्तक आहे. म्हणून पुस्तक काढले.

आणि पुस्तकात ते उत्तर नाही. आत्मकथन तीन खंडांत लिहिण्याचा चव्हाणांचा संकल्प होता: एक कृष्णेच्या काठचा, दुसरा मुंबईचा आणि तिसरा दिल्लीचा, म्हणजे यमुनेच्या काठचा. पहिला खंड १९८४ साली प्रसिद्ध झाला. तो १९४६ पाशी येऊन थांबतो. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला लेखकाचे निधन झाले. ज्या मराठी माणसाने शस्त्रनिर्मितीचा प्रश्न वादसभेत नव्हे तर मंत्र्याच्या टेबलापाशी बसून सोडवला, त्याने त्याविषयी स्वतः रचलेले असे आत्मनिवेदन मराठीत ठेवलेले नाही. ‘कृष्णाकाठ’वर आजवर पुष्कळ लिहिले गेले, लेखकाच्या मातेविषयी, वेणूताईंविषयी, संयमी भाषेविषयी लिहिले गेले. ही उणीव मात्र केवळ आयुष्य अपुरे पडल्याची गोष्ट म्हणून सोडून दिली जाते. आमच्या मते ती मराठी वाङ्मयातील एक मोठी रिकामी जागा आहे, आणि तिच्या कडा पहिल्याच खंडात दिसू लागतात.

देवराष्ट्रे हे चव्हाणांचे आजोळ. १२ मार्च १९१३ रोजी त्यांचा जन्म तेथे झाला तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले, आणि देवराष्ट्रे सांगलीकडे गेले. तेव्हा सातारा व सांगली ही जुळी भावंडे. कागदावर वेगळी, स्वभावाने एक. या मुलखात शस्त्राची आठवण तीन प्रकारची आहे, आणि ‘कृष्णाकाठ’ वाचताना ती तिन्ही मनात ठेवावी लागते.

पहिली आठवण खाकी गणवेशाची. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावास लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातील ४६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणाचा दगड गावात आहे. ज्या साम्राज्यासाठी ते मेले ते त्यांचे नव्हते, बंदूक त्यांनी घडवलेली नव्हती, युद्ध त्यांनी ठरवलेले नव्हते. दुसरी आठवण भूमिगतांची. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या आणि दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरच्या मोर्चावर गोळीबार झाला. इस्लामपुरात पडलेल्यांपैकी पंड्या हे किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातील अभियंते होते. मोर्चेकरी निःशस्त्र होते. पुढे १९४३ पासून नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले, तुफान सेना निघाली, १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याचा सरकारी खजिना लुटला गेला, आणि पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातून हत्यारे चोरून आणण्यापर्यंत मजल गेली. निःशस्त्र मोर्चापासून चोरट्या पिस्तुलापर्यंतचे हे अंतर या मुलखाने दोन वर्षांत तोडले. या घाईला दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. गोळी खाल्लेल्या गावांना तो आहे.

तिसरी आठवण कारखान्याची, आणि ती आमच्या विषयाच्या अगदी जवळची. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली ती लोखंडी नांगरासाठी. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावर गंजत पडलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर करण्यासाठी किर्लोस्करांना दिल्या, ही हकीकत या भागात आजही सांगितली जाते. सारा युरोप नांगराचे लोखंड तोफेत ओतत होता तेव्हा कृष्णा-पंचगंगेच्या मुलखात तोफेचा नांगर होत होता! यशयाचे वचन येथे कोणी वाचले होते म्हणून हे झाले नाही. लोखंड नव्हते आणि शेतकऱ्याला नांगर हवा होता, म्हणून झाले. आम्हांला हे कारण अधिक भक्कम वाटते.

परंतु पवित्र शास्त्रात यशयाबरोबर योएलही आहे, आणि योएलच्या तिसऱ्या अध्यायात नेमकी उलट आज्ञा आहे: फाळ मोडून तलवारी करा. आमच्या प्रवचनांत योएल फारसा येत नाही. मुलखाच्या वाङ्मयात मात्र तो आला आहे. वाळवे तालुक्यातील वाटेगावचे अण्णाभाऊ साठे यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन काळात ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला. त्या शहरातील ट्रॅक्टरच्या कारखान्यात रणगाडे तयार होत होते. म्हणजे किर्लोस्करवाडीची गोष्ट तेथे उलटी घडत होती. हिटलरचे सैन्य नदीपर्यंत येऊन पोचलेले असताना त्या कामगारांनी ट्रॅक्टरच करीत बसावे, असे म्हणण्यास जीभ धजावत नाही. मुंबईच्या कामगार वस्तीत डफावर हा पोवाडा ऐकणाऱ्या माणसाला व्होल्गा कोठे आहे हे ठाऊक नसेल, पण यंत्रावर उभा राहणारा माणूसही लढाई लढतो हे त्याला कळत होते. मराठीत शस्त्र घडवणाऱ्या हातांचा असा गौरव विरळा. आपल्याकडे पोवाडा तलवार चालवणाऱ्याचा. ती ठोकणाऱ्या लोहाराचे नाव शाहिराला सहसा आठवत नाही.

आता ‘कृष्णाकाठ’कडे वळू. या पुस्तकात शस्त्राचा प्रश्न थेट कोठे मांडलेला नाही. तो माणसांच्या निवडीतून डोकावतो. शाळकरी यशवंतरावांच्या मनावर १९२९ साली जतींद्रनाथ दास यांच्या मृत्यूचा खोल परिणाम झाला. जतींद्रनाथांनी लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवस उपोषण करून प्राण सोडला. ते क्रांतिकारकांत आले होते ते बॉम्ब तयार करण्याचे ज्ञान घेऊन. बॉम्ब जाणणारा माणूस अखेर स्वतःच्या भुकेने लढला आणि कराडमधील एका मुलाला त्याने हलवले ते त्या भुकेने. पुढे संरक्षणमंत्री झालेल्या माणसाच्या जडणघडणीत हा प्रसंग असावा, याकडे टीकाकारांचे लक्ष जावयास हवे होते.

दुसरी निवड युद्धाच्या प्रश्नावरील. तुरुंगातील वाचनातून आणि सहवासातून चव्हाण मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे ओढले गेले होते. महायुद्ध सुरू झाल्यावर रॉय यांची भूमिका अशी की, फॅसिझमचा पराभव हे पहिले कर्तव्य आणि म्हणून ब्रिटिशांच्या युद्धप्रयत्नास साह्य करावे. चव्हाण येथे त्यांच्यापासून दूर झाले व काँग्रेसबरोबर राहिले. तर्काने पाहता रॉय यांचा मुद्दा दुबळा नव्हता. स्टालिनग्राडने तो पुढे बळकटच केला. तरी जो देश स्वतःच्या इच्छेने युद्धात उतरलेला नाही, त्याच्या तरुणांनी परक्याच्या कारखान्यासाठी राबावे काय, हा सवालही खोटा नव्हता. अपशिंग्याचा दगड पाहिलेल्या मुलखाला तो अधिक टोचत असणार. चव्हाण हे सारे शांतपणे सांगतात. त्यांची शैली मुळातच आवाज न चढवणारी. जुन्या मित्रांना दोष न देता फारकत सांगणे ही आत्मचरित्रात दुर्मीळ असलेली सभ्यता त्यांच्यात आहे. परंतु याच सभ्यतेमुळे काही ठिकाणी प्रश्न अर्ध्यावर सुटतो. त्या तरुणाला रॉय यांचे म्हणणे रात्री झोपताना छळत होते की नाही, ते आम्हांला समजत नाही.

येथे खंड संपतो, आणि सोळा वर्षांनी इतिहास त्याच माणसापुढे तोच प्रश्न उलट बाजूने ठेवतो. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले. भारतीय जवान हिमालयात जुन्या .३०३ रायफली घेऊन उभे होते आणि अनेकांजवळ थंडीला पुरतील असे कपडेही नव्हते. कृष्ण मेनन यांच्या अमदानीत शस्त्रास्त्र कारखान्यांतून कॉफीची भांडी निघतात, अशी टीका त्या काळी झाली होती. यशयाच्या वचनाची ही जरा विनोदी आवृत्ती म्हणावी लागेल. मेनन गेले, आणि २१ नोव्हेंबर रोजी चव्हाणांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हापासून मराठी भाषणांत इतके झिजले आहे की, त्यामागचे काम दिसेनासे झाले आहे. काम असे होते: संरक्षण उत्पादनाचे स्वतंत्र खाते, १९६४ ते १९६९ अशी पंचवार्षिक संरक्षण योजना, सव्वाआठ लाखांचे भूदल, ४५ स्क्वाड्रनांचे विमानदल. नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. वरणगाव, भंडारा, भद्रावती, अंबाझरी ही नावे शस्त्रास्त्र कारखान्यांच्या यादीत चढली. राष्ट्रीय उत्पन्नातील संरक्षणाचा वाटा सुमारे दोन टक्क्यांवरून चारच्या आसपास गेला.

हे करावयास हवे होते काय? आमचे उत्तर होकारार्थी आहे, आणि ते आम्ही आडवळणाने देत नाही. ज्या राष्ट्राने आपल्या खेड्यांतून मुले मागून घेतली त्याने त्यांच्या हातात चालणारी बंदूक देणे हे त्याचे ऋण आहे. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध पेटले तेव्हा अमेरिकेने दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा थांबवला. उसनवारीवर लढणाऱ्याचा हात कोण केव्हा धरील याचा भरवसा नसतो. त्या युद्धात आकाशात नाव मिळवलेली नॅट विमाने बंगलोरच्या कारखान्यात तयार होत होती, हे विसरता येत नाही. त्याच काळात गांधीमार्गाशी बांधलेली माणसेही होती. १९६३ साली शंकरराव देव दिल्लीहून पेकिंगच्या दिशेने मैत्रीयात्रा घेऊन पायी निघाले. चीनने सरहद्द उघडली नाही. त्या यात्रेला हसणारे पुष्कळ होते. आम्ही हसत नाही. परंतु बर्फात उभ्या असलेल्या जवानाला तिचा उपयोग नव्हता, हेही खरे.

मग वाद कोठे उरतो? तो डिसेंबर १९६४ मध्ये उरतो. आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेसाठी पोप पॉल सहावे मुंबईस आले. २ ते ५ डिसेंबर ते येथे होते. ओव्हल मैदानावरच्या गर्दीची आठवण आमच्या समाजात अजून निघते. आठवत नाही ते एवढेच की, याच मुक्कामात त्यांनी वार्ताहरांमार्फत जगाला एक विनंती केली: राष्ट्रांनी शस्त्रांवरील खर्चाचा काही भाग काढून गरीब देशांसाठी एक जागतिक निधी उभारावा. तीन वर्षांनी ‘लोकांची प्रगती’ या विषयावरील आपल्या परिपत्रात त्यांनी मुंबईतील या विनंतीचा पुन्हा उल्लेख केला. दरम्यान ७ डिसेंबर १९६५ रोजी व्हॅटिकन परिषदेने राष्ट्रांचा स्वसंरक्षणाचा हक्क मान्य करतानाच शस्त्रस्पर्धा हा गरिबांना असह्य इजा करणारा सापळा आहे, असे बजावले. आणि येथे काय घडत होते? संरक्षण योजना सुरू झाली होती; १९६५ व १९६६ ही दुष्काळाची वर्षे अमेरिकेच्या गव्हावर निघाली; ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले; चौथी पंचवार्षिक योजना तीन वर्षे लांबली. या साऱ्याचे खापर तोफांवर फोडणे अन्याय्य होईल, पावसालाही त्यात वाटा होता. पण लोखंड एकच आणि पैसाही एकच. देवराष्ट्र्यात दारिद्र्य पाहिलेला, लहानपणीच वडील गमावलेला हा मंत्री कोणत्या रात्री कोणता आकडा कमी करावा म्हणून अडला, हे तिसऱ्या खंडात यावयास हवे होते. १९६५ च्या युद्धातील त्यांची दैनंदिनी त्यांचे सचिव राम प्रधान यांनी २००७ साली इंग्रजीत प्रसिद्ध केली, तिचे मोल मोठे आहे. मात्र दैनंदिनी त्या दिवसाचे सांगते. वीस वर्षांनी मागे वळून पाहणारा माणूस त्यात नसतो.

या हिशेबाची निकड आज वाढली आहे. १९६२ चा विस्तार एका संकटासाठी होता. संकट टळले तरी कारखाने राहिले, कारण कारखाना हा पोवाड्यासारखा सभा संपली की थांबत नाही. त्याला पुढची मागणी लागते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी जुने शस्त्रास्त्र कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. २०२४-२५ साली देशाने २३,६२२ कोटी रुपयांचे संरक्षण साहित्य निर्यात केले आणि वृत्तपत्रांनी तो आकडा ऊस गाळपाच्या विक्रमासारखा छापला. युक्रेनच्या युद्धाने २०२२ पासून युरोपला दाखवून दिले आहे की, तोफगोळे वेळेवर घडवता न येणे म्हणजे काय; म्हणून काकांच्या लेथची गरज आम्ही नाकारीत नाही. पण आपल्या जवानाला पुरवलेला गोळा आणि परक्या बाजारात विकलेला गोळा यांत फरक आहे. पहिल्याला आपण शांततेची प्रार्थना करूनही घडवू शकतो. दुसऱ्याचा धंदा चालावयाचा तर कोठे तरी शांतता मोडलेली असावी लागते. चव्हाणांच्या युक्तिवादाने दुसऱ्याचे समर्थन करता येईल असे आम्हांला वाटत नाही, आणि तरी त्यांचेच नाव त्या व्यासपीठांवर घेतले जाते.

शिवाय किंमत सीमेवरच मोजली जाते असे नाही. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या शस्त्रास्त्र कारखान्यात स्फोट होऊन आठ कामगार दगावले. अपशिंग्याच्या दगडासारखा दगड त्यांच्यासाठी कोण उभा करील? मराठी कथा-कादंबरीने गिरणी कामगार पाहिला, ऊसतोड मजूर पाहिला, जवानाची वाट पाहणारी पत्नी पाहिली. दारूगोळ्याच्या पाळीवर जाणारा, घरी कामाविषयी बोलण्यास मनाई असलेला, रविवारी मिस्साला बसलेला माणूस तिने पाहिलेला नाही.

‘कृष्णाकाठ’ आम्ही काकांना वाचायला दिले होते. पंधरवड्याने त्यांनी ते परत आणले, वर्तमानपत्राचे कव्हर घालून. आई तुरुंगात भेटायला येते आणि मुलाने माफी मागावी ही सूचना धुडकावून लावते, तो भाग त्यांनी दोनदा वाचला म्हणाले. मग थोडे थांबून म्हणाले, “पोप महोदय आले तेव्हा मी ओव्हलवर होतो. अठरा वर्षांचा. इंग्रजी कळत नव्हतं. त्यांनी असं काही सांगितलं होतं, हे मला तुमच्या मंडळात कळलं, साठ वर्षांनी.” तिसरा खंड कोठे मिळेल, असे त्यांनी विचारले. तो लिहिलाच गेला नाही, असे आम्ही सांगितले तेव्हा त्यांना ते खरे वाटेना.

ओव्हरटाइमचे तास लिहून ठेवण्यासाठी त्यांनी एक वही केली होती. १९७१ च्या डिसेंबरची पाने तीत भरगच्च आहेत, असे त्यांच्या बोलण्यात आले. ती वही आम्ही वाचायला मागितली आहे. त्यांनी अजून दिलेली नाही.